मोजणी आणि नियंत्रण : एचआयव्ही संसर्गातील प्रतिकारपेशींच्या अभ्यासाचा इतिहास

१. प्रस्तावना

मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो, जीवशास्त्र नाही. तरीही हा पाठ लिहायला घेतला, त्यामागे एक प्रसंग आहे.

आमच्या प्रयोगशाळेत सेन्सर बसवण्यासाठी लागणारी फिक्स्चर आम्ही बरीच वर्षे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान शेडमधून करून घेत होतो. पीण्यात मोठ्या कारखान्यांच्या आडोशाला अशी जॉबवर्क करणारी असंख्य लहान युनिटे आहेत. आमच्या शेडमधले टर्नर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, घरी मराठी बोलणारे. त्यामुळे काम झाल्यावर दोन शब्द बोलणे होई. २०१२ साली एकदा त्यांनी मला लेथपासून बाजूला नेले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. रक्ततपासणीचा अहवाल होता. 'सीडी४ : ६१२' असे त्यावर छापले होते.

"सर, तुम्ही शिकलेले," ते म्हणाले. "एचआयव्ही आहे म्हणतात. पण हा नंबर चांगला आहे, गोळ्या आत्ता नकोत, सहा महिन्यांनी या म्हणतात. नंबर चांगला आहे, तर मग रोग कुठं गेला?"

"चांगला आहे ना, मग काळजी करू नका," एवढेच मी म्हणालो. त्यांना दिलेला सल्ला त्या वेळच्या राष्ट्रीय नियमांना धरूनच होता. पण त्यांचा प्रश्न डॉक्टरांच्या नियमापेक्षा खोल होता, हे मला पुढे वाचताना कळले. एखादी राशी आपण मोजतो, तेव्हा नेमके काय मोजतो? मोजलेला आकडा स्थिर असला म्हणजे व्यवस्था नियंत्रणात असते का? हे प्रश्न तर मी दरवर्षी वर्गात विचारतो.

या पाठात आपण पुढील गोष्टी पाहणार आहोत : सीडी४ पेशींचा आकडा कसा मोजता येऊ लागला, दीर्घकालीन एचआयव्ही संसर्गात शरीर विषाणूवर नियंत्रण ठेवते, हे कसे सिद्ध झाले, ते नियंत्रण का ढळते, आणि आकड्यावर आधारलेले उपचाराचे नियम का बदलावे लागले.

२. आकडा आला कुठून?

पेशी मोजण्याच्या यंत्राचा इतिहास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये एका साध्या कल्पनेचे पेटंट मिळाले. क्षारयुक्त द्रावणातून विद्युतप्रवाह जात असताना एक पेशी बारीक छिद्रातून गेली, की रोध क्षणभर वाढतो आणि एक स्पंद मिळतो. स्पंद मोजले की पेशी मोजल्या जातात. १९६५ मध्ये लॉस अलामोस येथील मॅक फुलवायलर यांनी या तत्त्वाला शाईच्या थेंबांचे तंत्र जोडले. स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी शाईचे विद्युतभारित थेंब हव्या त्या दिशेला वळवून आलेख काढणारे उपकरण केले होते. फुलवायलर यांनी शाईच्या जागी पेशी असलेले थेंब वळवले आणि पेशी वेगवेगळ्या करून दाखवल्या. पुढे स्टॅनफर्डमधील लिओनार्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने त्यात लेसर आणि चमकणारी रंगद्रव्ये आणली. आजच्या फ्लो सायटोमीटरचे हे मूळ.

आता यंत्र पेशी मोजू शकत होते, पण सारख्या दिसणाऱ्या पेशींमध्ये फरक कसा करायचा? त्याचे उत्तर १९७५ मध्ये केंब्रिजला मिळाले. जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची, एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली. १९७९ पर्यंत टी पेशींच्या पृष्ठभागावरील वेगवेगळी प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे उपलब्ध झाली. १९८२ च्या पॅरिस परिषदेपासून या प्रथिनांना 'सीडी' क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ज्या टी पेशींवर सीडी४ प्रथिन असते, त्या ढोबळमानाने मदतनीस पेशी. त्या इतर पेशींना कामाला लावतात. ज्यांच्यावर सीडी८ असते, त्या मारक पेशी. संसर्ग झालेली पेशी ओळखून त्या तिला नष्ट करतात.

ही साधने हाताशी आली आणि लगेच नवा रोग समोर आला. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या विरळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायकेल गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अशा रुग्णांच्या रक्तात मदतनीस टी पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. म्हणजे विषाणू सापडण्याच्या आधी पेशींची घट सापडली होती. विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंताग्निए यांच्या गटाला मिळाला. १९८४ च्या अखेरीस लंडन आणि पॅरिसच्या गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, की हा विषाणू सीडी४ प्रथिनाला धरूनच पेशीत शिरतो.

इथपर्यंतचे चित्र अगदी सरळ होते. विषाणू सीडी४ पेशी मारतो, त्यांचा आकडा घटतो आणि आकडा घटला की रोगी ढासळतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० सीडी४ पेशी असतात. हा आकडा २०० च्या खाली गेला, की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही जीवघेणे ठरतात. आकडा उपयोगी होता यात शंका नाही. पण शरीर या काळात काय करत होते, हे त्यातून कळत नव्हते.

३. चेन्नई, भोसरी आणि पीण्या

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ मध्ये मिळाला. चेन्नईतील डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेले रक्ताचे नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तपासले गेले आणि त्यांपैकी सहा नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातील.

१९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. ही संस्था भोसरीच्या एमआयडीसीत आहे. पीण्याचा विद्यार्थी भोसरीला गेला तर त्याला परके वाटणार नाही. तीच शेडांची रांग, तेच टेम्पो, तीच पाळीच्या सुटीची गर्दी. अशा परिसरात बसून या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील दवाखान्यांत येणाऱ्या लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९९७ मध्ये त्यातून दोन महत्त्वाचे निबंध आले. एकात, केवळ पतीशीच संबंध असलेल्या विवाहित स्त्रियांपर्यंत संसर्ग पोहोचल्याचे रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दुसऱ्यात, शरीरात प्रतिपिंडे दिसू लागण्यापूर्वीच्या, अगदी ताज्या संसर्गाची लक्षणे रॉबर्ट बोलिंगर, संजय मेहेंदळे, रमेश परांजपे आणि सहकाऱ्यांनी नोंदवली.

हे 'प्रतिपिंडे दिसू लागण्यापूर्वी' नीट समजून घ्या. त्या काळातली नेहमीची एचआयव्ही चाचणी विषाणूला शोधत नव्हती. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधत होती. पीण्यातीलच एक्सायटन डायग्नॉस्टिक्स या कंपनीने विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे वापरून अशी चाचणी करणारे संच बनवले. 'पॉझिटिव्ह' या शब्दाने माणसाच्या पोटात गोळा येतो, पण त्या शब्दाचा शब्दशः अर्थ एवढाच, की या शरीराने प्रतिकार केला आहे. मग प्रतिकार होत असूनही विषाणू राहतो कसा? आपल्या विषयाचा गाभा हाच आहे.

४. शरीर लढते, हे कसे कळले?

१९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत एक गंमत घडली. एका निरोगी दिसणाऱ्या संसर्गित माणसाच्या रक्तपेशींतून विषाणू वाढवता येईना. त्या मिश्रणातून सीडी८ पेशी काढून टाकल्या, तेव्हा विषाणू वाढू लागला. पेशी परत घातल्या, तेव्हा तो दबला. १९८७ मध्ये बोस्टनमधील ब्रूस वॉकर यांच्या गटाने आणि एका फ्रेंच गटाने दाखवले, की रुग्णांच्या रक्तात एचआयव्हीची प्रथिने ओळखून मारणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात.

पण काचपात्रात जे दिसते, ते शरीरात घडतेच असे नाही. त्यासाठी कालक्रम तपासावा लागला. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या प्रचंड वाढते, एका मिलिलिटरमध्ये लाखोंच्या घरात जाते. नंतर कोणतेही औषध नसताना ती झपाट्याने खाली येते. ती कोण खाली आणते? १९९४ मध्ये रिचर्ड कूप आणि पर्सेफनी बॉरो यांच्या गटांनी दाखवले, की ही घसरण मारक टी पेशी दिसू लागण्याच्या वेळेशी जुळते. विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे त्यानंतर, उशिरा येतात.

घटना एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असे म्हणता येत नाही. नियंत्रण-प्रणालीत आपण अशा वेळी काय करतो? एक घटक काढून टाकतो आणि आउटपुट पाहतो. १९९९ मध्ये नेमके हेच केले गेले. एचआयव्हीचा भाऊ शोभेल अशा विषाणूने संसर्गित झालेल्या माकडांना प्रतिपिंडे टोचून त्यांच्या सीडी८ पेशी तात्पुरत्या काढून टाकल्या. विषाणूंची संख्या उसळली. सीडी८ पेशी परतल्या, तशी ती पुन्हा खाली आली. दीर्घकालीन संसर्गात सीडी८ पेशी विषाणूला दाबून ठेवतात, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

दरम्यान, १९९७ मध्ये एरिक रोझेनबर्ग, ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांना आणखी एक दुवा मिळाला. ज्या थोड्या रुग्णांत विषाणू औषधाविना दबलेला होता, त्यांच्यात एचआयव्हीला ओळखणाऱ्या सीडी४ मदतनीस पेशी जोमदार होत्या. मारक पेशींना टिकून राहायला मदतनिसांचा आधार लागतो. आणि विषाणूचे पहिले भक्ष्य नेमके तेच मदतनीस असतात.

५. स्थिर पातळी म्हणजे शांतता नव्हे

सुरुवातीची घसरण संपली की विषाणूंची संख्या एका पातळीवर येऊन स्थिरावते. संसर्गित माणूस पुढे अनेक वर्षे, सरासरी आठ-दहा वर्षे, ठणठणीत दिसू शकतो. १९९० च्या सुरुवातीपर्यंत बरेच जण या काळाला विषाणूच्या झोपेचा काळ समजत. माझ्या टर्नर मित्राच्या हातातला ६१२ हा आकडा याच काळातला होता.

ही समजूत १९९५ मध्ये मोडली. डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी रुग्णांना नवी, प्रभावी औषधे दिली आणि रक्तातील विषाणू किती वेगाने घटतात ते पाहिले. तर्क साधा आहे :

विषाणूंच्या संख्येतील बदलाचा दर = निर्मितीचा दर − नाशाचा दर

पातळी स्थिर असेल तर दोन्ही दर समान आहेत एवढेच कळते. ते दोन्ही शून्याजवळ आहेत की प्रचंड आहेत, हे कळत नाही. औषधाने निर्मिती अचानक थांबवली, की घसरणीच्या वेगावरून नाशाचा दर काढता येतो. १९९६ मध्ये लॉस अलामोसचे ॲलन पेरेलसन यांनी हो यांच्याबरोबर हे गणित अधिक बारकाईने मांडले. रक्तातील विषाणूचे अर्धायुष्य सुमारे सहा तास, विषाणू तयार करणाऱ्या पेशीचे सुमारे दीड दिवस, आणि शरीरात रोज तयार होणारे विषाणू सुमारे १,००० कोटी!

पीण्यातल्या कोणत्याही इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पाण्याची पातळी सकाळपासून हललेली नाही. याचा एक अर्थ, कोणी पाणी वापरत नाही. दुसरा अर्थ, खाली सगळे नळ सुरू आहेत आणि वर पंपही पूर्ण जोराने चालू आहे. एचआयव्हीच्या बाबतीत दुसरा अर्थ खरा होता. सीडी४ पेशींची संपूर्ण गोष्ट मात्र या उपमेत मावत नाही. त्यांतल्या अनेक पेशी विषाणूने थेट मारल्याने नव्हे, तर सततच्या उत्तेजनामुळे झिजून नाहीशा होतात, हे पुढे स्पष्ट झाले.

१९९६ मध्येच जॉन मेलर्स यांच्या गटाने पिट्सबर्गमधील १८० पुरुषांच्या जुन्या नमुन्यांवरून दाखवले, की सुरुवातीला विषाणूंची पातळी जितकी वरची, तितका रोग लवकर येतो. आणि हे भाकीत सीडी४ च्या आकड्यापेक्षा विषाणूभारावरून अधिक चांगले करता येते. एक आकडा आज काय शिल्लक आहे ते सांगतो, दुसरा ते किती वेगाने खर्च होत आहे ते सांगतो.

रक्त हे तर शरीराचे एक छोटे दालन आहे. बहुतेक लसिकापेशी ऊतींमध्ये असतात आणि त्यांतला मोठा वाटा आतड्याच्या अस्तरात असतो. २००४ मध्ये दोन गटांनी दाखवले, की संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातील सीडी४ पेशींचा मोठा संहार होतो. त्यांपैकी एका निबंधाचे पहिले लेखक सौरभ मेहंद्रू होते. रक्तातला आकडा त्या वेळी बऱ्यापैकी असू शकतो. म्हणजे आपला सेन्सर जिथे बसवला होता, तिथे बिघाड सर्वांत कमी दिसत होता.

६. नियंत्रण का ढळते?

पहिले कारण, विषाणू निसटतो. एचआयव्ही आपल्या जनुकांची नक्कल करताना चुका दुरुस्त करत नाही. रोज इतक्या प्रती निघाल्यावर असंख्य बदल होतात. मारक पेशी विषाणूच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा ओळखतात. त्या तुकड्यात बदल झालेला विषाणू त्यांच्या नजरेतून सुटतो आणि तोच वाढतो. १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू मॅकमायकेल यांच्या गटाने रुग्णांमध्ये हे घडताना दाखवले.

दुसरे कारण, पेशी थकतात. इथे एक भारतीय नाव महत्त्वाचे आहे. हैदराबादमध्ये जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले रफी अहमद अमेरिकेत उंदरांमधील एका चिवट विषाणूचा अभ्यास करत होते. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले, की दीर्घ संसर्गात मारक पेशी उरतात, पण काम करेनाशा होतात. २००६ मध्ये त्याच गटाने त्यामागचा एक 'ब्रेक' ओळखला. पीडी-१ हे प्रथिन १९९२ मध्ये जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते. थकलेल्या पेशींवर ते भरपूर असते. त्याच वर्षी एचआयव्ही रुग्णांवरील अभ्यासांतही हेच दिसले. एचआयव्हीला ओळखणाऱ्या पेशींवर पीडी-१ जितके जास्त, तितका विषाणूभार जास्त. तो ब्रेक प्रयोगशाळेत सोडवला, तर पेशी पुन्हा काम करू लागत.

इथे मोजणीचा मुद्दा पुन्हा येतो. पेशी मोजणाऱ्याला ताजी पेशी आणि थकलेली पेशी सारखीच दिसते. दोन्ही सीडी८, दोन्ही एचआयव्हीला ओळखणाऱ्या. कारखान्याच्या हजेरीपटावर शंभर नावे आहेत. त्यांतले किती जण सलग तीन पाळ्या करून उभ्या उभ्या झोपले आहेत, ते पटावर दिसत नाही. २००६ नंतर संशोधकांनी पेशी किती आहेत यापेक्षा ती किती कामे एकत्र करू शकते, हे मोजायला सुरुवात केली. ती वाढते का, संदेश देणारी रसायने सोडते का, समोरची पेशी मारते का? विषाणू दाबून ठेवणाऱ्या माणसांत अशा बहुकामी पेशी अधिक आढळल्या.

तिसरे कारण, विषाणू लपतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील तीन गटांनी दाखवले, की उत्तम औषधे चालू असतानाही विश्रांत अवस्थेतील काही सीडी४ पेशींच्या जनुकांत विषाणू गुप्त बसून असतो. पेशी शांत असते तोवर विषाणूचे एकही प्रथिन बाहेर दिसत नाही. मग मारक पेशी ओळखणार काय? या साठ्याचे अर्धायुष्य पुढे सुमारे ४४ महिने असल्याचे निघाले.

७. औषधाविना टिकून राहणारे

तरीही काही थोडे लोक, संसर्गितांपैकी एक टक्क्याहूनही कमी, कोणतेही औषध न घेता विषाणूला चाचणीच्या मर्यादेखाली ठेवतात. यांचे रहस्य काय? २०१० मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा ९७४ जणांच्या जनुकांची तुलना ज्यांच्यात विषाणू बळावला अशा २,६४८ जणांशी केली. फरक सापडला तो जवळजवळ एकाच ठिकाणी. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ज्या 'तबकात' ठेवून मारक पेशींना दाखवते, त्या एचएलए-बी रेणूच्या खाचेत. बी५७ सारखे काही प्रकार विषाणूचे असे भाग दाखवतात, जे बदलले तर विषाणू स्वतःच लंगडा होतो. पण बी५७ असलेला प्रत्येक जण वाचतो असे नाही. म्हणून हे वरदान आहे, हमी नव्हे.

हे बहुतांश काम अमेरिका आणि युरोपात आढळणाऱ्या 'बी' उपप्रकारावर झाले होते. भारतात मुख्यतः 'सी' उपप्रकार आहे. १९९९ मध्ये पुण्यातील ताज्या संसर्गांतून मिळालेल्या विषाणूंचे संपूर्ण जनुकीय आराखडे कविता लोळे, परांजपे, बोलिंगर, स्टुअर्ट रे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. दोन उपप्रकारांची सरमिसळ ओळखण्यासाठी त्या निबंधात वापरलेली सिमप्लॉट ही संगणक-प्रणाली पुढे जगभरच्या विषाणूशास्त्रज्ञांची नेहमीची साधन झाली. बंगळूरच्या जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा यांच्या गटाने दाखवले, की सी उपप्रकाराच्या जनुकीय 'स्विच'मध्ये बी उपप्रकारापेक्षा वेगळी रचना आहे. पेशी उत्तेजित झाली की विषाणूला चालू करणाऱ्या जागा बी मध्ये साधारण दोन, सी मध्ये तीन, आणि भारतातील काही विषाणूंत चार असतात.

पुण्याच्या संस्थेत माधुरी ठकार यांच्या गटाने दीर्घकाळ न ढासळणाऱ्या भारतीय रुग्णांचा अभ्यास केला. २०१७ मधील त्यांच्या निबंधात एक वेगळी वाट दिसते. या रुग्णांतील प्रतिपिंडे संसर्गित पेशींना चिकटून नैसर्गिक मारक पेशींना बोलावतात, आणि हा प्रतिसाद विषाणूच्या अनेक भागांविरुद्ध असतो. म्हणजे नियंत्रण हे एका प्रकारच्या पेशीचे काम नाही. मदतनीस, मारक, नैसर्गिक मारक आणि प्रतिपिंडे ही सगळी साखळी जुळावी लागते.

८. आकड्यावर घेतलेले निर्णय

या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग झाला? इथे इतिहास थोडा कडू आहे.

२००५ मध्ये भारतातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी पुण्याच्या याच संस्थेत सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारपेशींचा प्रतिसाद माफकच निघाला. २००७ मध्ये परदेशातील 'स्टेप' ही मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या लसीने बहुसंख्य लोकांत एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी पेशी तयार केल्या होत्या. मोजमाप उत्तम होते, संरक्षण मात्र मिळाले नाही.

उपचारांतही तेच झाले. औषधे महाग आणि त्रासदायक असल्याने ती केव्हा सुरू करायची हे सीडी४ च्या आकड्यावर ठरे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभर किमती कोसळल्या. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केले, सुरुवातीला २०० च्या खालील आकड्यासाठी. मग मर्यादा ३५० झाली, पुढे ५००.

आकडा चांगला असेल तेव्हा औषध थांबवले तर चालेल का, हे पाहण्यासाठी 'स्मार्ट' ही चाचणी ५,४७२ जणांवर झाली. जानेवारी २००६ मध्ये ती थांबवण्यात आली. आकडा पाहून औषध थांबवणाऱ्या गटात मृत्यू जास्त होते. त्यांतले बरेच नेहमीच्या एड्सच्या आजारांनी झालेले नव्हते, आणि हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे गंभीर विकारही त्या गटात जास्त होते. विषाणू मोकळा असेल तर सततचे उत्तेजन सगळ्या शरीराला झिजवते. २०११ मध्ये पुणे आणि चेन्नईसह अनेक देशांतील १,७६३ जोडप्यांवरील अभ्यासाने दाखवले, की लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. २०१५ मध्ये 'स्टार्ट' चाचणीने, आकडा ५०० च्या वर असतानाही ताबडतोब औषध सुरू करणे हितकारक असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा काढून टाकली. भारताने २०१७ मध्ये तपासणी होताच सर्वांना उपचार देण्याचे धोरण स्वीकारले.

९. समारोप

त्या प्रश्नाकडे परत येऊ. नंबर चांगला आहे, तर मग रोग कुठं गेला?

रोग कुठेही गेला नव्हता. तुमच्या शरीराच्या सीडी८ पेशी त्याला रोज, तासातासाला, दाबून धरत होत्या, आणि त्याची किंमत मोजत होत्या. ६१२ हा विजयाचा आकडा नव्हता. लढाई चालू असल्याचा होता. हे उत्तर मी त्यांना पाच वर्षे उशिरा दिले. २०१७ च्या अखेरीस भेटलो तेव्हा त्यांना गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले होते. मी टाकी आणि पंप यांची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे गोळीनं पंप बंद केला. आता आतल्यांना जरा उसंत." एवढ्या थोडक्यात मला ते सांगता आले नसते.

औषधे विषाणूची निर्मिती थांबवतात, पण लपलेला साठा राहतो. म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात. रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका दबला, की लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, संसर्ग आहे म्हणून कोणाला नोकरीवरून काढणे किंवा शिक्षण नाकारणे बेकायदा ठरवले आहे. उद्या तुम्ही कोणत्या तरी शेडचे मालक, सुपरवायझर किंवा एचआर अधिकारी व्हाल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

सारांश

• पेशी-मोजणीचे यंत्र, प्रतिपिंडे आणि नवा रोग एकाच काळात एकत्र आल्याने सीडी४ हा एचआयव्हीचा मुख्य आकडा बनला.
• सीडी८ पेशी विषाणूला दाबतात, हे १९८६ ते १९९९ या काळात काचपात्र, रुग्ण आणि माकडे अशा तीन पातळ्यांवर सिद्ध झाले.
• स्थिर पातळी म्हणजे प्रचंड निर्मिती आणि प्रचंड नाश यांचा समतोल.
• विषाणूचे निसटणे, पेशींचा थकवा आणि लपलेला साठा यांमुळे नियंत्रण ढळते.
• पेशींच्या संख्येपेक्षा त्यांची कार्यक्षमता महत्त्वाची. या जाणिवेने उपचाराचे धोरणही बदलले.

स्वाध्याय

१. एका रुग्णाच्या शरीरात सुप्त विषाणू असलेल्या १० लाख पेशी आहेत असे माना. अर्धायुष्य ४४ महिने असेल, तर एकच पेशी उरायला किती वर्षे लागतील? उत्तरावरून 'औषध आयुष्यभर का?' हे स्पष्ट करा.
२. १९९४ चे रुग्णांवरील अभ्यास आणि १९९९ चा माकडांवरील प्रयोग यांत पुराव्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
३. तुमच्या शाखेतील असे एक मोजमाप सांगा, जे स्थिर दिसते पण आतला बिघाड लपवते. सेन्सर कुठे बसवला असता तर तो दिसला असता?